पिंपळापुरे काकांचं कपाट

वामनराव पिंपळापुरे यांनी आयुष्यात काय काय नापास केलं, हे सांगायला बसलं तर दिवस पुरणार नाही. नागपूरच्या एका कारखान्यात ते क्वालिटी कंट्रोलमध्ये होते. निवृत्त होऊन मुलापाठोपाठ कॅनडात आले तेव्हा कारखाना तिकडेच राहिला, नापास करणं सोबत आलं.

ग्वेल्फमध्ये त्यांचं घर आणि आमचं घर एकाच भिंतीनं जोडलेलं होतं. राहायला आले त्याच आठवड्यात त्यांनी आमची बेल वाजवली, नमस्कार केला आणि म्हणाले, "तुमची पत्रपेटी एकीकडं झुकून राहिली आहे." मी म्हटलं, बसवणाऱ्यानंच तशी बसवली. "मग त्यानं पाहून नाही बसवली," असं म्हणत त्यांनी जॅकेटच्या खिशातून बुडबुड्याची पाणसळ काढली आणि पेटीवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. काकांनी माझ्याकडे डॉक्टर पाहतात तसं पाहिलं. "पास नाही."

हे त्यांचे ठरलेले दोन शब्द. रागानं नाही, कुत्सितपणे तर नाहीच. ग्रोसरीतली केळी, मराठी मंडळाचा माइकचा स्टँड, आमच्या मुलाच्या विंटर टायर्सची हवा, सगळ्यांना तोच निकाल. माझा चहा एकदा पिऊन म्हणाले, "वेलची चांगली आहे. चहा कुठं आहे?" आणि एखादी गोष्ट मनापासून आवडली तर "चालते". याच्या वर त्यांच्याकडे दर्जा नव्हता. कुसुमकाकू, म्हणजे त्यांची बायको, सांगायच्या, "बघायला आले तेव्हा यांना विचारलं, मुलगी पसंत आहे का. तर म्हणाले, पाहून सांगतो. अजून सांगितलं नाही."

त्यांची आणखी एक अडचण होती. त्यांना खोटं बोलता येत नसे. तत्त्व वगैरे नव्हतं ते, सवयच गेली होती. तपासणाऱ्यानं एकदा खोटी सही केली की पुढच्या खऱ्या सह्यांचं काय करायचं, असं ते म्हणत. त्यामुळे कुणाच्या घरी जेवायला जाताना काकू गाडीतच बजावून ठेवायच्या, "विचारलं तर नुसती मान हलवा."

कुसुमकाकू आमच्या मंडळाचा आधार होत्या. शनिवारी मुलांना श्लोक शिकवायच्या, गणपतीत मोदक, दिवाळीत रांगोळी, आणि कुणी ऐन वेळी आजारी पडलं तर त्याचंही काम त्याच करायच्या. मंडळाची सेक्रेटरी मी. कामांची यादी मी करायची आणि निम्म्या ओळींपुढे काकूंचं नाव लिहायचं, ही आमची पद्धत. काका मला नावानं कधी हाक मारत नसत. "सेक्रेटरी" म्हणत.

मग काकूंना नागीण झाली. फोड गेले, डाग गेले, पण बरगडीखालची आग गेली नाही. साधी साडी टेकली तरी त्या दचकायच्या. दिवसभर त्या कुणाला कळू द्यायच्या नाहीत, आणि रात्रभर झोपायच्या नाहीत. गोळ्या झाल्या, मलम झालं, पट्ट्या झाल्या. शेवटी फॅमिली डॉक्टरनं नवीन उपाय सुचवला. दुभाषी म्हणून मी गेले होते.

"काय म्हणते ती?" काकूंनी विचारलं.

मी शब्द शोधत होते. "एक वनस्पती आहे, तिचं तेल निघतं..."

"गांजा म्हणते," काका म्हणाले.

काकूंनी पर्स उचलली आणि त्या उठून उभ्या राहिल्या.

त्यांना परत बसवायला डॉक्टरची सगळी अपॉइंटमेंट खर्ची पडली. इथे तो कायदेशीर आहे, डॉक्टरच सांगते आहे, ओढायचा नाही, तेलाचे थेंब घ्यायचे, हे सगळं मी समजावलं. घरी येईपर्यंत काकू एकदाच बोलल्या. "मी घेईन. पण मंडळात आणखी एकीला जरी कळलं, तर त्या दिवसापासून बंद. मग दुखलं तरी चालेल. मुलांना श्लोक शिकवणारी बाई मी."

काका मागच्या सीटवरून म्हणाले, "समजलं."

आणि तिथून त्यांचं काम सुरू झालं.

पहिला प्रयत्न दुकानाचा. आमच्या भागातलं गांजाचं दुकान नेमकं इंडियन ग्रोसरीला लागून, एकाच भिंतीचं. पार्किंगमध्ये उतरलं की कोण कुठल्या दारात शिरतं ते निम्म्या मंडळाला दिसतं. ऑनलाइन मागवावं तर कुरिअरवाला दारात सही घेतो, आणि तो आमच्याकडे भजनाला तबला वाजवतो. तरी काका एकदा गेले, मला घेऊन. दारातल्या मुलीनं पंचाहत्तरीच्या माणसाला वयाचा पुरावा मागितला. काकांना तिचं फार कौतुक वाटलं. "पाह्यलं? नियम म्हणजे नियम." मग आत जाऊन त्यांनी डबी उघडायला लावली, खिशातलं भिंग काढलं, आणि काउंटरवरच्या मुलाला विचारलं की हे कधी वाळवलं, कुठे वाळवलं, आणि वाळवताना खोलीत दमटपणा किती होता. त्या मुलाच्या नाकात रिंग होती आणि चेहऱ्यावर अपार माया. तो म्हणाला, "सर, इट्स व्हेरी चिल."

बाहेर येऊन काका म्हणाले, "पास नाही. आपण घरी पिकवू."

ओंटारिओत घरटी चार झाडं लावता येतात. काकांनी नियम स्वतः वाचला, मला वाचायला लावला, आणि नोकरीसाठी पुढे लव्हालला गेलेल्या मुलाला, नीलेशला, फोन करून वाचून दाखवला. नीलेश म्हणाला, "बाबा, प्लीज. इथे क्युबेकमध्ये घरी लावायला बंदी आहे." काका म्हणाले, "म्हणून तर मी तिथं राहायला येऊन नाही राहिलो." हे खोटं नव्हतं. नुकतंच खरं झालं होतं.

प्रश्न होता तो लपवण्याचा. बेसमेंटमध्ये मंडळाची भांडी, सतरंज्या, गणपतीचं मखर. म्हणजे सतत कुणीतरी ये-जा करणार. वास येता कामा नये, दिवा दिसता कामा नये, आवाज होता कामा नये, आणि नातवंडांच्या वयाची पोरं खेळायला येतात म्हणून कुलूप हवंच. मी यादी केली. काकांनी ती वाचून घडी घातली आणि म्हणाले, "सेक्रेटरी, तुम्ही कारखान्यात पाहिजे होत्या." त्यानंतर मी महिनाभर हवेत होते.

बाजारात यासाठी तयार तंबू मिळतात, काळ्या कापडाचे, आतून चंदेरी. एक आणला. काकू जिन्यावरून बघत म्हणाल्या, "लोक म्हणतील, सर्कस आली." तंबू परत गेला. मग तयार कपाटं बघितली. काकांनी दुकानातल्या प्रत्येक कपाटाचं दार उघडून मिटून पाहिलं. एकाचं दार घासत होतं, दुसऱ्याच्या फळीला पोक होता. शेवटी ते म्हणाले, "अंदाजानं फोडणी द्यावी, कपाट नाही," आणि प्लायवूड आणलं. माझ्या मिनीव्हॅनमधून, मागचं दार दोरीनं बांधून.

ते कपाट मी उभं राहताना पाहिलं. आतून पांढरा रंग, वर दिवा, त्याला टायमर. दिवा ठरल्या वेळी लागायचा आणि ठरल्या वेळी विझायचा, कारण झाडांनाही रात्र लागते. छताशी पंखा, आणि पंख्यापुढे कोळशाचा फिल्टर, वास गिळायला. पंखा गुणगुणत होता म्हणून त्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. तरी बारीकशी गुणगुण राहिली. काका कान लावून उभे राहिले आणि पहिल्यांदाच तडजोड केली. "फ्रीज समजतील."

हवा आत यायला खालच्या बाजूला भोकं हवी होती. साध्या चिरा पाडल्या असत्या तर भागलं असतं. पण काका म्हणाले, चिरा पाडल्या की मशीन दिसते. जाळी काढू. त्यांना एकच जाळी पाठ होती, त्यांच्या नागपूरच्या देवघराची. तीच कोरली. मग मुठी. ब्रॅम्पटनच्या दुकानात चांगल्या पितळी मुठी मिळाल्या, कमळाच्या आकाराच्या. पॉलिश झालं. मी लांबून पाहून म्हटलं, फार सुंदर झालंय. त्या वेळी मला जे सुचायला हवं होतं ते सुचलं नाही.

लगेच झाडं लावतील तर ते काका कसले. आधी ट्रायल प्रॉडक्शन. पहिली बॅच कोथिंबिरीची. उजेड कुठे कमी पडतो, पाणी कुठे साचतं, हे सगळं कोथिंबिरीवर पाहून घेतलं. त्या फेब्रुवारीत बाहेर सगळं गोठलेलं असताना आमच्या मंडळात प्रत्येकीच्या पोह्यांवर ताजी कोथिंबीर होती, आणि कुठून येते ते काकू सांगत नव्हत्या.

मग खरी बॅच. चारच झाडं. काका रोज सकाळी दाढी करून, भांग पाडून तळघरात उतरायचे, ड्यूटीवर जावं तसे. काढणी झाली, वाळवणी झाली. दुकानात विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी स्वतःपुरती नीट दिली. काकूंनी ते साजूक तुपात मुरवलं आणि डॉक्टरला विचारून मोहरीएवढ्या थेंबापासून सुरुवात केली. काही दिवस काहीच झालं नाही. मग एका सकाळी काका आमच्या दारात. डोळे लाल, चेहरा उजळलेला.

"काय झालं काका?"

"झोपली. पूर्ण रात्र."

"आणि तुम्ही?"

"मी कसा झोपू? पाहून राहिलो होतो ना."

उन्हाळा असा छान गेला. दुसरी बॅच लागली. आणि नवरात्रात घोळ झाला.

भोंडल्यासाठी घेतलेला हॉल ऐन वेळी रद्द झाला. मोठं बेसमेंट फक्त पिंपळापुऱ्यांचं. काकूंना नाही म्हणता येईना, कारण का नाही ते सांगता येईना. काकांनी फिल्टर तपासला, कुलूप तपासलं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

सगळ्यांत आधी मंगलाताई जिना उतरल्या. मूळच्या पुण्याच्या, मंडळात सर्वांत ज्येष्ठ. कुठल्या पूजेला काय चालतं यावर शेवटचा शब्द त्यांचा, आणि काकू ज्या एका व्यक्तीला घाबरून होत्या ती त्याच. शेवटच्या पायरीवर त्या थबकल्या. समोर कोरीव कपाट. जाळीतून उजेड झिरपतोय, बारीक गुणगुण ऐकू येतेय, ओल्या मातीचा वास.

"कुसुम," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "घट इथं बसवलास होय?"

काकूंच्या हातात सरबताचे ग्लास होते. ते त्यांनी खाली ठेवून दिले. नवरात्रात घटाभोवती मातीत धान्य पेरतात, शेजारी नऊ दिवस अखंड दिवा ठेवतात, आणि घटाला हलवत नाहीत. मंगलाताईंनी सगळं जुळवलं होतं. त्यांनी पदर सावरला, तबकातलं हळदकुंकू घेतलं आणि दोन्ही दारांना लावलं. त्यांच्या मागे रांग लागली. बाया वाकून नमस्कार करत होत्या, मुलींना करायला लावत होत्या. काका जिन्यापाशी उभे होते. मला वाटलं ते घाबरलेत. ते माझ्या कानाशी पुटपुटले, "डावीकडचं कुंकू खाली लागलं."

"वामनराव, आत अखंड दिवा ना?" मंगलाताईंनी विचारलं.

"दिवा आहे."

"धान्य आलं का वर?"

"हिरवं आहे. उंची चांगली आहे."

"बघू तरी."

"सध्या उघडून नाही चालत."

"बरोबर आहे, बरोबर आहे. काय काय मांडलंय?"

काकांनी बोटांवर मोजलं. "माती, पाणी, उजेड. आणि हिची झोप."

मंगलाताई बाकीच्या बायकांकडे वळल्या. "ऐका गं. याला श्रद्धा म्हणतात."

भोंडला रंगला. मध्ये पाटावर हत्ती, भोवती फेर, मग खिरापत ओळखायची वेळ आली. झाकलेला डबा घेऊन काकू उभ्या, आणि बायका विचारताहेत, गोड की तिखट, ओलं की कोरडं. बाहेर संध्याकाळपासून वारा सुटलाच होता. त्यातच वीज गेली.

अंधार झाला, आणि त्या अंधारात गुणगुण थांबली. ती थांबल्याचं फक्त आम्हा तिघांना कळलं.

मोबाइलचे दिवे लागले. ओळखणं चालूच राहिलं. "हिंग घातलाय का गं?" एकीनं विचारलं. "काहीतरी करपलंय." "तूप कढवलंस का, कुसुम?" वास वाढत गेला. मग एक मुलगी शांतपणे म्हणाली, "आय थिंक इट्स अ स्कंक."

स्कंक हा इकडचा प्राणी. घाबरला की असा काही फवारा सोडतो की घर आठवडाभर राहण्याजोगं उरत नाही. सगळ्या बायका साड्या सावरत सोफ्यावर चढल्या. मंगलाताई मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्या कपाटाकडे बघत होत्या. जाळी काळी झाली होती.

"अखंड दिवा विझला," त्या म्हणाल्या. "कुसुम, काडेपेटी आण. वामनराव, उघडा ते."

काका दाराला पाठ लावून उभे राहिले. सगळे मोबाइल त्यांच्यावर रोखलेले. खरं सांगितलं तर काकू उद्यापासून औषध घेणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं. खोटं तर त्या मुलीनं तयार करूनच ठेवलं होतं, नुसतं उचलायचं होतं.

"आत..." काका म्हणाले. "आत एक... स्कंक..." आणि पुढे जाईनात. शब्द त्यांच्या तोंडात आडवा बसला होता. ते काकूंकडे बघत होते, माफी मागावी तसे.

काकूंनी खिरापतीचा डबा माझ्या हातात दिला.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुमच्यानं नाही व्हायचं ते."

त्यांनी काकांच्या खिशातून किल्ली काढली आणि दार उघडलं. चार टुमदार झाडं, हिरवीगार, कुंड्या एका रेषेत.

"हा गांजा आहे," काकू म्हणाल्या. "माझा आहे. नागीण झाल्यापासून मला इथं जळत असतं. याचं तूप घेतलं की झोप लागते. यांनी माझ्यासाठी केलं हे सगळं. कुणाला काही बोलायचं असेल तर मला बोला."

मंगलाताईंनी झाडांकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"कधीपासून जळतंय?"

"मागच्या थंडीच्या आधीपासून."

"म्हणजे गणपतीत करंज्या लाटत होतीस, तेव्हाही?"

"हो."

"आणि मी तुला म्हटलं, कडा नीट मुरडल्या नाहीस." त्या सोफ्याच्या कडेवर टेकल्या. "मला सांगायचं नाहीस?"

"तुम्हाला कळू नये म्हणूनच तर हे कपाट," काकू म्हणाल्या.

आधी कोण हसलं ते आठवत नाही. काकू असाव्यात. मंगलाताई शेवटी हसल्या, पण त्या पदरानं डोळे पुसून. काकूंनी हळदकुंकवाकडे बोट करून विचारलं, "हे पुसू का?" मंगलाताई म्हणाल्या, "राहू दे. औषधच आहे." एका बाईनं सोफ्यावरूनच काकांना विचारलं की गुडघ्याला चालतं का. काका म्हणाले, "डॉक्टरला विचारा. इथं चारच आहेत, चारही हिची आहेत." खिरापत कुणीच ओळखली नाही. वाटली डाळ होती.

दुसऱ्या दिवशी काका माझ्याकडे आले. बसले नाहीत. "अट होती तिची," म्हणाले. "कळलं तर बंद. विचारू कसं?" मी म्हटलं, विचारू नका, बघा. रात्री झोपायच्या वेळेला काकूंचा फोन वाजला. मंगलाताई. "घेतलंस का?" दुसऱ्या रात्रीही वाजला, तिसऱ्याही. मंगलाताईंना नाही म्हणायची काकूंची टाप नव्हती.

पुढच्या उन्हाळ्यात नीलेशनं दोघांना लव्हालला नेलं. काकांनी कपाट सुटं केलं, प्रत्येक फळीला नंबर घातला आणि रिकामंच सोबत नेलं. काकू तिकडे दुकानातून तेल घेतात, स्वतः जाऊन, आणि त्या पोरांना फ्रेंचमध्ये मेर्सी म्हणतात. काकांनी ते तेल अजून पास केलेलं नाही.

मला ते आठवतात ते मात्र त्याआधीच्या जानेवारीतल्या एका दुपारचे. रात्रभर बर्फ पडला होता आणि मला दुपारच्या शिफ्टला जायचं होतं. दार उघडलं तर काका रस्त्याच्या मधोमध. माकडटोपी, घरातल्या सपाता, ट्रॅफिक हवालदारासारखा उंच केलेला हात. समोर महापालिकेचा बर्फ ओढणारा अवाढव्य ट्रक, थांबलेला.

ड्रायव्हरनं काच खाली केली. दाढीवाला धिप्पाड माणूस. काकांनी वरच्या मजल्यावरच्या खिडकीकडे बोट दाखवलं, मग दोन्ही हात जोडून गालाखाली घेतले आणि मान कलती केली. ड्रायव्हर खिडकीकडे बघत राहिला. मग त्यानं पुढचं पातं वर उचललं आणि ट्रक आमच्या दोन घरांसमोरून पावलापावलानं, जवळजवळ आवाज न करता पुढे नेला. बर्फ होता तिथेच राहिला, माझ्या गाडीच्या पुढे, गुडघाभर.

मी फावडं उचललं. काकांनी हात पुढे केला.

"सेक्रेटरी, खरखर होते त्याची," ते हळू आवाजात म्हणाले. "थोडं थांबता का? दुपारची झोपली आहे ती. पहिल्यांदाच."

मी फावडं अलगद भिंतीला टेकवलं, कामावर उशीर होईल असा मेसेज केला, आणि आम्ही दोघं तिथेच बर्फात उभे राहिलो, काकू उठेपर्यंत.